विलंबित अपील (फौजदारी)

फौजदारी निकालावरील अपील मुदत उलटल्यावर दाखल होणे. सोबत विलंबमाफीचा अर्ज लागतो; वकिलांच्या बोलीत ‘डिलेचा अर्ज’. मुदती प्रामुख्याने १९६३ च्या मुदत अधिनियमात आहेत. बेलापूरच्या न्यायदंडाधिकाऱ्याने दिलेल्या शिक्षेवर ठाणे सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करता येते. ठाणे सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर मुंबई उच्च न्यायालयात ६०, मृत्युदंड असल्यास ३० दिवसांत. निर्दोष सुटकेविरुद्ध राज्याला ९० दिवस मिळतात. नवी मुंबईचा पनवेलकडील भाग रायगड जिल्ह्यात मोडतो, म्हणून तेथील दंडाधिकाऱ्यांच्या निकालांवरील अपिले ठाण्यात येत नाहीत.

मुदत अधिनियमाच्या कलम १२ नुसार निकालाचा दिवस आणि सही-शिक्क्याची नक्कल मिळण्यास लागलेला काळ मुदतीतून वगळतात. नकलेचा अर्ज करण्यापूर्वी वाया गेलेले दिवस मात्र मोजले जातात. मुदत पुष्कळदा इथेच हातची जाते, म्हणून आधी हा हिशेब करावा. कित्येकदा विलंब वाटतो त्याहून थोडा निघतो.

कलम ५ खाली ‘पुरेसे कारण’ दाखवल्यास विलंब माफ होतो. खासगी तक्रारदाराच्या, सुटकेविरुद्धच्या विशेष परवानगी अर्जाला (अपील करू द्यावे अशी परवानगी मागणाऱ्या अर्जाला) हे कलम लागू आहे का, यावर दीर्घ मतभेद होता. १९०८ च्या जुन्या अधिनियमाखाली सर्वोच्च न्यायालयाने कौशल्या राणी प्रकरणात (१९६३) नकार दिला होता, कारण विशेष कायद्याने (येथे फौजदारी प्रक्रिया संहितेने) स्वतः मुदत घातल्यास कलम ५ आपोआप लागू होत नसे. नव्या अधिनियमाच्या कलम २९(२) ने क्रम उलटवला : स्पष्ट मनाई नसेल तर कलम लागू. मंगूराम प्रकरणाने (१९७५) हेच ग्राह्य धरले. राष्ट्रीय तपास यंत्रणा अधिनियमात मात्र ९० दिवसांनंतर अपील स्वीकारू नये अशी भाषा आहे. त्यावर उच्च न्यायालयांत एकवाक्यता नव्हती. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यापुढील विलंबही माफ करता येतो असे ठरवले. अपिलाचा हक्क नुसत्या दिवसांच्या मोजणीवर बुडू नये, म्हणून हेच मत अधिक सयुक्तिक वाटते.

ठाणे किंवा तळोजा कारागृहातील शिक्षा झालेला कैदी आपले अपील कारागृह अधिकाऱ्याकडे देऊ शकतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम ४२४). अधिकाऱ्याने ते न्यायालयाकडे पाठवायचे असते. कागद अधिकाऱ्याच्या हाती पडला तोच दाखल-दिवस मानणे न्याय्य, कारण पुढचा प्रवास कैद्याच्या हाती नसतो. शिक्षा झाल्यास निकालाची नक्कल आरोपीला विनामूल्य मिळते. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागता येतो.

पीडिताच्या अपिलाचा हक्क ३१ डिसेंबर २००९ पासून आहे. त्या तरतुदीत मुदत नमूद नाही.