तीन हिरवे दिवे

चाके पोटात घेणाऱ्या छोट्या विमानांत उतरण्याआधी पायलटची नजर तीन हिरव्या दिव्यांवर जाते. एक नाकाखालच्या चाकाचा, दोन पंखांखालच्या चाकांचे. दिवा लागला म्हणजे चाक खाली आले आणि तिथे पक्के अडकले.

हे 'अडकणे' मोठे गमतीचे. आपण गुडघे ताठ करून उभे राहिलो की स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. सांधाच भार पेलतो. चाकाच्या दांड्याला आधार देणारी दुमडती पट्टीही अशीच सरळ होऊन किंचित पुढे जाते आणि विमानाच्या वजनाने दुमडण्याऐवजी अधिकच घट्ट बसते. ती अर्धवट राहिली तर टेकताच पाय मुडपतो.

एक दिवा लागला नाही, तर पहिला संशय दिव्यावरच घ्यावा. पेटलेला दिवा काढून न पेटणाऱ्याच्या जागी लावला की निकाल लगेच कळतो. पायपर अ‍ॅरोसारख्या विमानात तर रात्रीचे दिवे चालू असले की हे हिरवे दिवे मंद होतात. भर उन्हात ते विझल्यासारखेच दिसतात, आणि पायलटला उगाच घाम फुटतो! पण हा दिवा जीवही घेऊ शकतो. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या मोठ्या प्रवासी विमानात नाकाच्या चाकाचा दिवा जळून निकामी झाला होता. सगळे कर्मचारी त्यातच गुंतले, विमान हळूहळू खाली येतेय हे कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि ते दलदलीत कोसळले. १०१ जण गेले. चाक मात्र नीट खाली आलेले होते.

यंत्रणा खरोखरच रुसली तर? अ‍ॅरोमध्ये चाके वर धरून ठेवतो तो तेलाचा दाब. तो सोडून दिला की चाके स्वतःच्या वजनाने खाली येतात. नाकाचे चाक मात्र समोरच्या वाऱ्याला ढकलत पुढे यावे लागते. त्याला स्प्रिंगची मदत असते, शिवाय वेग कमी करावा लागतो. वेग निम्मा झाला की वाऱ्याचा जोर चौथ्या हिश्शावर येतो. जुन्या बोनान्झा विमानात विजेची मोटर बंद पडली की पुढच्या आसनांमागचा हँडल हाताने फिरवायचा, सुमारे पन्नास वेढे. तेही विमान चालवता चालवता.

एवढे करूनही चाके आलीच नाहीत, तर पोटावर उतरायचे. ऐकायला भयंकर वाटते, पण विमान जवळजवळ आडवेच जमिनीला भेटते. ताशी १२० किलोमीटरचा वेग घर्षणाने दीडदोनशे मीटरमध्ये संपतो, आणि आतली माणसे बहुधा स्वतःच्या पायांनी बाहेर पडतात. त्यासाठी धावपट्टी पक्की हवी. मऊ मातीत विमानाचा एखादा भाग रुतू शकतो. दार टेकण्याआधीच किलकिले करून ठेवतात, कारण सांगाडा वाकला तर ते अडकायचे. त्याहून अवघड प्रकार म्हणजे एकाच पंखाखालचे चाक बाहेर येणे. एक बाजू घासते, दुसरी गडगडत धावते, आणि विमान गर्रकन वळते.

प्रोपेलर मात्र वाचत नाही. पाती वाकतात आणि तो धक्का इंजिनच्या मुख्य दांड्यापर्यंत पोचतो, म्हणून अख्खे इंजिन खोलून तपासावे लागते. तो खर्च टाळायला हवेतच इंजिन बंद करण्याचा मोह काहींना होतो. पण मग उतरण्याचा एकच प्रयत्न हाती उरतो.