नेपाळमधील राजेशाही

नेपाळवर १७६८ ते २००८ अशी २४० वर्षे असलेली शाह घराण्याची वंशपरंपरागत राजसत्ता. २८ मे २००८ रोजी संविधान सभेने आपल्या पहिल्याच बैठकीत ५६० विरुद्ध ४ मतांनी ती संपुष्टात आणली. आजच्या जगात राजाला जागा आहे का, ही चर्चा ब्रिटन किंवा जपानच्या बाबतीत बहुधा सोहळे, परंपरा आणि खर्च यांच्याभोवती फिरते. नेपाळमध्ये हाच प्रश्न तुरुंगवासाचा आणि रक्तपाताचा होता. राजपद जाऊन इतकी वर्षे झाली तरी तो पुरता मिटलेला नाही.

गोरखा या लहानशा डोंगरी राज्याचे राजे पृथ्वीनारायण शाह यांनी १७६८ मध्ये इंद्रजात्रा या काठमांडूच्या मोठ्या उत्सवाच्या ऐन धामधुमीत ते शहर जिंकले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या वारसांनी आसपासची राज्ये जोडत नेली. आजचा नेपाळ हा या विस्तारातून घडलेला देश आहे आणि तो कधीही ब्रिटिशांची वसाहत नव्हता. राजाला विष्णूचा अवतार मानले जाई. दरवर्षी इंद्रजात्रेला तो कुमारीच्या, म्हणजे जिवंत देवी मानून पुजल्या जाणाऱ्या बालिकेच्या, हातून टिका लावून घेई. राजा नसेल तर इतक्या भाषांचा आणि जमातींचा हा देश एकत्र राहील का, ही भीती नेपाळी माणसाला खरोखर वाटत आली आहे. तिला केवळ दरबारी प्रचार म्हणणे अन्यायाचे होईल.

मात्र या २४० वर्षांतली १०४ वर्षे शाह राजे नावापुरतेच होते. १८४६ मध्ये कोत या दरबारी शस्त्रागारात अनेक सरदारांची कत्तल झाली. या कोत हत्याकांडानंतर जंगबहादूर यांनी सत्ता बळकावली आणि पंतप्रधानपद राणा घराण्यात वंशपरंपरेने चालू लागले. (ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या सोयरिकीमुळे राणा हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेले असते.) राजा ‘श्री ५’ (म्हणजे नावाआधी पाच वेळा श्री) म्हणून पूजला जाई, पण वाड्यात कोंडलेला असे. हुकूम ‘श्री ३’ म्हणवणाऱ्या राणांचा चाले.

ही कोंडी राजे त्रिभुवन यांनी फोडली. नोव्हेंबर १९५० मध्ये सहलीचे निमित्त करून ते कुटुंबासह बाहेर पडले आणि थेट भारतीय वकिलातीत शिरले. राणांनी मागे राहिलेल्या तीन वर्षांच्या नातवाला, ज्ञानेंद्र यांना, गादीवर बसवले, पण भारताने त्यांना मान्यता दिली नाही. नेपाळी काँग्रेसचा सशस्त्र उठाव आणि दिल्लीतल्या वाटाघाटी यांच्या जोरावर त्रिभुवन फेब्रुवारी १९५१ मध्ये परतले. राणा राजवट संपली. राजा लोकांच्या बाजूने उभा राहिला असा तो क्षण होता आणि सिंहासनाची पुढच्या अर्धशतकाची पुण्याई त्यातून आली. १८ फेब्रुवारीच्या घोषणेत त्रिभुवन यांनी एक वचन दिले: लोकांनी निवडलेली संविधान सभा देशाची घटना लिहील.

ही सभा त्यांच्या हयातीत भरली नाही. त्यांचे पुत्र महेंद्र यांनी १९५९ मध्ये घटना दिली ती दरबाराकडून. तरी तिच्याखाली निवडणूक झाली, नेपाळी काँग्रेसला १०९ पैकी ७४ जागा मिळाल्या आणि बी. पी. कोईराला पंतप्रधान झाले. दीड वर्षानंतर, १५ डिसेंबर १९६० रोजी, महेंद्र यांनी संसद बरखास्त केली आणि लोकांनी निवडून दिलेल्या पंतप्रधानाला तुरुंगात टाकले. कोईराला आठ वर्षे बंदिवासात राहिले. १९६२ पासून पक्षविरहित पंचायत व्यवस्था आली. ‘नेपाळच्या मातीला मानवेल अशी’ म्हणून ती पुढे करण्यात आली, पण तिच्यात शेवटचा शब्द राजाचाच होता. १९८० च्या सार्वमतात ती थोडक्या फरकाने तगली. १९९० च्या जनआंदोलनापुढे महेंद्र यांचे पुत्र वीरेंद्र यांना नमते घ्यावे लागले. त्या वर्षीच्या घटनेने सार्वभौमत्व जनतेकडे दिले आणि राजाला घटनात्मक प्रमुख केले.

वीरेंद्र यांनी ती मर्यादा पाळली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. नेपाळची राजेशाही टिकण्याची शक्यता कधी होती, तर ती या अकरा वर्षांत. पण याच काळात माओवाद्यांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये सशस्त्र युद्ध सुरू केले. संविधान सभा ही त्यांची मुख्य मागणी बनली, म्हणजे त्रिभुवन यांचे न पाळलेले वचन आता बंदुकीसह परत आले होते. १ जून २००१ च्या रात्री नारायणहिटी राजवाड्यात वीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि राजघराण्यातील इतर अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या. युवराज दीपेंद्र यांनी हे केले आणि स्वतःवरही गोळी झाडली, असा सरकारी चौकशी समितीचा निष्कर्ष आहे. बेशुद्धावस्थेतच ते तीन दिवस राजे होते. नंतर वीरेंद्र यांचे धाकटे बंधू ज्ञानेंद्र गादीवर आले, म्हणजे आयुष्यात दुसऱ्यांदा. लोकांचा समितीच्या निष्कर्षावर विश्वास बसला नाही. नव्या राजाला दुःखाबरोबर संशयही वारशाने मिळाला.

ज्ञानेंद्र वडिलांच्या वाटेने गेले. १९९० च्या घटनेत अडचणी दूर करण्याचा अधिकार देणारे १२७ वे कलम होते. त्याचा आधार घेत त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधानांना हटवले आणि १ फेब्रुवारी २००५ रोजी सारी सत्ता हाती घेतली. त्या दिवशी देशभरचे टेलिफोन बंद पडले, नेते नजरकैदेत गेले, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत सैनिक बसले. परिणाम उलटा झाला. एकमेकांचे वैरी असलेले सात संसदीय पक्ष आणि माओवादी नोव्हेंबर २००५ मध्ये बारा कलमी समझोत्यावर एकत्र आले. एप्रिल २००६ मध्ये १९ दिवस रस्ते माणसांनी भरून वाहिले आणि राजाला संसद परत बोलवावी लागली. सुमारे १७ हजार बळी घेणारे युद्ध त्याच वर्षी थांबले. माओवाद्यांना दहा वर्षे लढून जे साधले नव्हते, ते राजाच्या चौदा-पंधरा महिन्यांच्या एकहाती कारभाराने घडवून आणले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरूनच आहे.

त्रिभुवन यांनी कबूल केलेली सभा अखेर १० एप्रिल २००८ च्या मतदानातून अस्तित्वात आली, ५७ वर्षांनी. तिने पहिले काम केले ते त्यांच्या वंशाचे सिंहासन काढून घेण्याचे. ११ जूनला ज्ञानेंद्र मुकुट आणि राजदंड सरकारच्या स्वाधीन करून शांतपणे नारायणहिटीबाहेर पडले. त्यांना देश सोडावा लागला नाही. राजवाड्याचे संग्रहालय झाले आणि इंद्रजात्रेला कुमारीचा टिका आता राष्ट्रपतींच्या कपाळी लागतो.

शेजारच्या भूतानमध्ये त्याच २००८ साली उलट दिशेने पाऊल पडले. जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी कोणी मागण्याआधी घटनेचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि २००६ अखेरीस मुलासाठी गादी सोडली. नव्या घटनेनुसार राजाला ६५ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते आणि त्याला पदच्युत करण्याची तरतूदही आहे. राजेशाहीच्या बाजूने हा दाखला हटकून दिला जातो. त्याच राजाच्या कारकिर्दीत १९९० च्या सुमारास नेपाळीभाषक ल्होत्साम्पा लोकांना देश सोडावा लागला आणि जवळपास एक लाख माणसे नेपाळमधल्या छावण्यांत येऊन पडली, हेही त्याच दाखल्यात मोजले पाहिजे.

प्रजासत्ताकाने नेपाळी जनतेची निराशा केली, हे मान्य करावे लागते. २००८ नंतर एकाही सरकारला पूर्ण मुदत लाभली नाही. भ्रष्टाचार आणि बेरोजगारी यांना कंटाळून तरुण आखाती देशांत आणि मलेशियात मजुरीला जात राहिले. ९ मार्च २०२५ रोजी पोखऱ्याहून परतलेल्या ज्ञानेंद्र यांच्या स्वागतासाठी काठमांडूच्या विमानतळावर हजारोंची गर्दी लोटली. ‘राजा आऊ, देश बचाऊ’ ही घोषणा तेव्हा गाजली. त्या विमानतळाला त्रिभुवन यांचेच नाव आहे. २८ मार्चच्या राजेशाहीवादी निदर्शनांत हिंसाचार होऊन दोघे मृत्युमुखी पडले. या गर्दीत जुन्या भक्तीपेक्षा आजच्या नेत्यांवरचा राग मोठा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सहाच महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, तोच राग तरुणांच्या उठावातून उसळला, संसद भवन पेटले आणि पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांना पायउतार व्हावे लागले. त्या पोकळीत अंतरिम पंतप्रधान म्हणून राष्ट्रपतींनी माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांची नेमणूक केली. सिंहासन रिकामे होते आणि त्याचा वारस त्याच देशात होता, तरी देश त्याच्याकडे वळला नाही.

राजेशाही आणि हिंदुराष्ट्र परत आणण्याची मागणी राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी सनदशीर मार्गाने मांडत आली आहे. २०२२ च्या निवडणुकीत तिला २७५ पैकी १४ जागा मिळाल्या. २०१५ च्या घटनेत दुरुस्ती करायची तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत लागते.