जायंट सेल आर्टेरायटिस : उपचार आणि प्रतिकारसंस्थेचे संदेश

पन्नाशीनंतर, बहुधा सत्तरीच्या आसपास, मोठ्या व मध्यम धमन्यांच्या भिंतींना होणारा स्वप्रतिकारजन्य दाह. स्कँडिनेव्हियन वंशाच्या लोकांत तो सर्वाधिक आढळतो. भारतात त्याहून तरुण वयातला ताकायासू आर्टेरायटिस जास्त दिसतो. कानशिलावरची धमनी ठणकते, बोटाला दोरीसारखी जाड लागते, केस विंचरताना डोके दुखते आणि घास चावता चावता जबडा भरून येतो. डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर दृष्टी कायमची जाते. म्हणून दाट संशय आला की बायोप्सीसाठी (धमनीचा तुकडा काढून तपासण्यासाठी) न थांबता स्टेरॉइड सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

या दाहामागे प्रतिकारसंस्थेतल्या टी-पेशींचे दोन गट असतात. टीएच-१७ गटाला इंटरल्यूकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन चेतवते, आणि हा गट इंटरल्यूकिन-१७ सोडतो. ताप, थकवा, वजन घटणे ही लक्षणे मुख्यतः याच संदेशांची. टीएच-१ गट इंटरफेरॉन-गॅमा हे दुसरे संदेशवाहक प्रथिन सोडतो आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशींना भिंतीत जमवतो. रोगाला नाव देणाऱ्या महाकाय पेशी त्यांच्यापासूनच तयार होतात.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पेशीकेंद्रकात एनएफ-कप्पा-बी या दाहाच्या कळीलाच आवर घालते. इंटरल्यूकिन-६ आणि १७ झपाट्याने उतरतात, एक-दोन दिवसांत ठणका थांबतो, रुग्णाला हायसे वाटते. इंटरफेरॉन-गॅमाचा गट मात्र बराचसा तसाच राहतो. उपचाराला काही आठवडे झाल्यावर काढलेल्या धमनीच्या तुकड्यातही दाह दिसतो तो यामुळे. डोस कमी करताना रोग अनेकांत उलटतो. बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे म्हणूनच घातक.

टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-६ चा ग्राहीच, म्हणजे त्याचा संदेश झेलणारा रेणूच, अडवते. २५१ रुग्णांवरील चाचणीत (२०१७) दर आठवड्याला हे इंजेक्शन आणि २६ आठवड्यांत उतरवत आणलेले स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के जण वर्षअखेरीपर्यंत रोगमुक्त स्थितीत टिकले. तेवढ्याच काळात उतरवलेल्या नुसत्या स्टेरॉइडवर १४ टक्के. अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळालेले उपाडासिटिनिब जेएके-१ हे विकर (एन्झाइम) रोखते. इंटरल्यूकिन-६ आणि इंटरफेरॉन-गॅमा या दोघांचेही निरोप पेशीच्या आत याच विकरामार्फत जातात, त्यामुळे स्टेरॉइडच्या हाती न लागलेल्या गटापर्यंतही हे औषध पोहोचू शकते.

एक अडचण मात्र उरते. रक्तातल्या ज्या प्रथिनावरून दाह मोजतात ते सीआरपी यकृत बनवते ते इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून. टोसिलिझुमॅबवर असलेल्या रुग्णाचा सीआरपी जवळपास शून्यावर येतो, मग धमनीत दाह असो वा नसो. अशा वेळी डॉक्टर जबड्याबद्दल, दिसण्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात, कानशील चाचपतात आणि गरज पडली तर धमनीची सोनोग्राफी करून घेतात.