प्रश्न विचारल्यावर बाईंनी किती थांबावं?

माठातलं पाणी गार का होतं? नागपुरात ऊन तापायला लागलं की प्राथमिक शाळेच्या वर्गात हा प्रश्न हमखास निघतो. बाई विचारतात, पुढच्या बाकावरचे दोन-तीन हात झटकन वर जातात, एकाचं उत्तर येतं आणि धडा पुढे सरकतो. घरी छत्तीसगढी किंवा गोंडी बोलणारं मागच्या बाकावरचं लेकरू तोवर प्रश्नाच्या अर्थापाशीच असतं.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. १९७० च्या दशकात त्यांनी मांडलेला निष्कर्ष आजही प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेवढ्यात कोणी बोललं नाही, तर दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होत. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणं कमी झालं आणि ‘कच्ची’ म्हणून ठरवलेली मुलंही बोलू लागली.

एक सेकंद इतका अपुरा का पडतो? समोरच्या चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव घ्यायचं, तरी मोठ्या माणसाच्या मेंदूला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. इथे तर मुलाला प्रश्न समजून घ्यायचा, तो डोक्यात धरून ठेवायचा, घरचा माठ आठवायचा आणि मग वाक्य जुळवायचं असतं. डोक्यात धरून ठेवायची ही जागा, म्हणजे कार्यकारी स्मृती, मोठ्यांचीही लहानच. एका वेळी चारेक गोष्टी मावतात. मुलांची त्याहून कमी. त्यात भाषा घरची नसेल, तर शब्द शोधण्यातच ती भरून जाते.

इथे एक गैरसमज फार नडतो. मधल्या सुट्टीत तेच पोरगं मराठीत फडाफडा बोलत असतं, म्हणून वर्गात गप्प बसलं की आपण म्हणतो, ‘याला येत नाही’ किंवा ‘लक्ष नाही’. जिम कमिन्स या भाषातज्ज्ञांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला. नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई साधारण दोन वर्षांत येते. पण त्या भाषेत कारण सांगणं, तुलना करणं यासाठी पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणजे पहिलीत मराठीशी गाठ पडलेलं मूल चौथीत अजून अर्ध्या वाटेवर असू शकतं.

आता समजा, बाई तीन सेकंद थांबल्या आणि मागून आवाज आला, ‘मॅडम, मटके को पसीना आता ना, इसलिए.’ ‘मराठीत सांग’ म्हटलं की हे बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी बाई म्हणाल्या, ‘बरोबर! माठाला बाहेरून पाणी सुटतं. मग ते पाणी जातं कुठे?’, तर मुलाचा विचारही राहतो आणि मराठी वाक्यही कानावर पडतं. बाष्पीभवन हा शब्द त्यानंतर आला तरी चालतो. त्या पोराने मुख्य गोष्ट आधीच पाहिली आहे.

थांबण्याआधी प्रश्न नीट ऐकू जायला हवा, हेही आलंच. गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं मुलांना मोठ्यांपेक्षा जड जातं. तास चालू असताना वर्गातला आजूबाजूचा गोंगाट ३५ डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सांगतं. रस्त्याकडेच्या शाळेत, डोक्यावर पंखा घरघरत असताना, ते अवघडच. म्हणून फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारू नये. ज्याला कमी ऐकू येतं, तो ओठही बघत असतो.

अभ्यासक्रम संपवायची घाई खरी आहे, मान्य. पण वीस प्रश्नांना दोन-दोन सेकंद जादा दिले तरी मिनिटभरही जात नाही.

रो यांनी आणखी एक जागा दाखवली होती: मुलाचं उत्तर संपल्यानंतरची. तिथेही शिक्षक लगेच ‘शाब्बास’ किंवा ‘चूक’ म्हणून मोकळे होत. तिथे थांबल्यावर मुलं आपलं वाक्य स्वतःच पुढे नेऊ लागली, एकमेकांच्या उत्तरांवर बोलू लागली. शिक्षकांचे प्रश्नही बदलले. संख्येने कमी झाले, पण जास्त विचार करायला लावणारे झाले.