दोन वसंतराव : नाईक आणि दादा

नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांशी बोलताना एक घोळ हमखास समोर येतो. वसंतराव नाईक आणि वसंतदादा पाटील ही दोन माणसं त्यांच्या डोक्यात एकच होऊन बसलेली असतात. एकाची योजना दुसऱ्याच्या नावावर जमा होते, तुरुंग फोडणारा माणूस पुसदचा होतो आणि हायब्रीड ज्वारी सांगलीला जाऊन पोहोचते. परीक्षेत यापायी एखादा गुण गेला तर त्याचं मला फारसं वाटत नाही. पण शेतकऱ्यांच्या पोरांनी, आपल्याच आजा-पणजाचं आयुष्य बदलणाऱ्या दोन माणसांची अशी सरमिसळ करावी याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून दोघांना शेजारी शेजारी ठेवून सांगतो.

घोळ व्हावा असं बरंच काही आहे, हे आधी कबूल करायला हवं. दादांचं पूर्ण नाव वसंतराव बंडूजी पाटील, त्यामुळे काही याद्यांमध्ये ते नुसते 'वसंतराव पाटील' म्हणून येतात. दुसरे वसंतराव फुलसिंग नाईक. वयात जेमतेम चार वर्षांचं अंतर: नाईकांचा जन्म १ जुलै १९१३ चा, दादांचा १३ नोव्हेंबर १९१७ चा. दोघं काँग्रेसचे, दोघं मुख्यमंत्री, आणि दोघांची ओळख शेतकऱ्यांचा माणूस हीच. त्यात भर म्हणजे १९७२ मध्ये दोघं एकाच मंत्रिमंडळात होते. नाईक मुख्यमंत्री, दादा पाटबंधारे मंत्री.

फोटो पाहिले की मात्र गोंधळ संपतो. नाईकांच्या तोंडात पाइप, अंगात नीटस कपडे, चेहऱ्यावर वकिली शांतपणा. दादा धोतर, सदरा आणि पांढऱ्या टोपीत, आताच बांधावरून उठून आल्यासारखे.

नाईक विदर्भाचे. यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळच्या गहुलीत, बंजारा समाजातल्या शेतकरी घरात वाढले. नागपुरात शिकले, वकील झाले आणि सुरुवातीला अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिली केली. नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी १९४१ मध्ये आंतरजातीय विवाह केला, तेव्हा हे सोपं नव्हतं. १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष, १९५२ मध्ये जुन्या मध्य प्रदेशचे आमदार आणि तिथंच उपमंत्री. मग द्विभाषिक मुंबई राज्यात मंत्री आणि १९६० नंतर यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री. म्हणजे पायरी पायरीनं, कायद्याची पुस्तकं आणि सरकारी फायली हाताळत वर आलेला हा माणूस.

दादांची गोष्ट अगदी वेगळ्या वाटेनं जाते. सांगलीजवळचं पद्माळे हे त्यांचं गाव. आईवडील लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं, शिक्षण प्राथमिक शाळेपुरतंच. पुढे बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगत झाले, पकडले गेले आणि सांगलीच्या तुरुंगात आले. २४ जुलै १९४३ ला साथीदारांसह पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून ते दिवसाढवळ्या तिथून निसटले. पावसाळ्याचे दिवस, कृष्णेला पूर, मागे पोलिसांचा गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव हे दोन साथीदार त्यात गेले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. सांगली भागातल्या माणसाला 'दादा' एवढं म्हटलं की पुरतं, आडनाव लागत नाही, ते या दिवसापासूनच. मुलांना मी एवढंच सांगतो की खांद्यात गोळी घेतलेले ते दादा. हे एकदा डोक्यात बसलं की पुन्हा चुकत नाही.

मुख्यमंत्रिपदाचं गणित तर सरळच आहे. कन्नमवार पदावर असताना नोव्हेंबर १९६३ मध्ये वारले, काही दिवस बाळासाहेब सावंतांनी काम पाहिलं आणि ५ डिसेंबर १९६३ ला नाईक आले. ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, सलग अकरा वर्षांहून जास्त. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. दादांच्या वाट्याला हे पद तुकड्यातुकड्यांनी आलं: १९७७ ते जुलै १९७८ आणि फेब्रुवारी १९८३ ते जून १९८५. पाच वर्षं सलग त्यांना कधीच मिळाली नाहीत.

आता कामाकडे येऊ, कारण खरी गफलत तिथंच होते.

नाईकांचा पुण्याशी जोडलेला सर्वांत गाजलेला प्रसंग शनिवारवाड्यावरचा. साल १९६५. देशात धान्याची टंचाई, रेशनच्या दुकानांपुढे रांगा, परदेशी गव्हावर दिवस काढणं चाललेलं. अशा वेळी राज्याचा मुख्यमंत्री शनिवारवाड्यासमोर उभा राहून म्हणाला, की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. आज पुढाऱ्यांची भाषणं ऐकून कान किटलेल्या माणसाला हे नाटकी वाटेल. पण त्यामागे काम होतं. संकरित ज्वारीचं पहिलं वाण, सीएसएच-१, नुकतंच १९६४ मध्ये आलं होतं आणि ते शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचा ध्यास नाईकांनी घेतला. 'हायब्रीड' हा शब्द आपल्या खेड्यांत रुळला तो याच काळात. म्हाताऱ्या बायका 'हायब्रीडची भाकरी' म्हणून नाक मुरडायच्या, चव नाही म्हणायच्या, पण कणगी भरायची ती त्याच ज्वारीनं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ या वर्षांत, त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. परभणीच्या विद्यापीठाला पुढे त्यांचं नाव मिळालं आणि त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो.

दोन वर्षांत सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. बहात्तरच्या दुष्काळानं पल्ला किती लांबचा आहे ते दाखवून दिलं. पण त्याच दुष्काळात नाईकांच्या सरकारनं जे केलं ते मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. लाखो माणसं खडी फोडायला, नालाबांध घालायला, पाझर तलाव खोदायला कामावर आली. मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन त्यांनी दिवस काढले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरच्या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. मागेल त्याला काम, हा विचार वि. स. पागे यांचा. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि त्यांचं गाव विसापूर, तासगाव तालुक्यातलं, म्हणजे सांगली जिल्ह्यातलं. रोजगार हमी दादांच्या नावावर ढकलली जाते त्याचं एक कारण सांगलीचा हा धागा असावा. दुसरं कारण कायद्याचं साल. योजना नाईकांच्या काळात सुरू झाली, कायदा झाला १९७७ चा, तेव्हा मुख्यमंत्री दादा होते, आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून, तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. प्रश्न नीट वाचायचा: योजना विचारली आहे, कायदा विचारला आहे, की अंमलबजावणी.

या योजनेची एक खूण तुमच्या खिशातही आहे. हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणाऱ्या कुणाचीही पगाराची स्लिप उघडा. 'पीटी' नावाखाली महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० कापलेले दिसतील. हा व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठीच लावला गेला. शहरातल्या पगारदारानं दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामाचा खर्च थोडा उचलायचा, असा तो हिशेब. मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो. स्लिपवर तो इतक्या बारीक अक्षरांत असतो की बहुतेकांची नजर तिथं थांबतही नाही.

दादांचं काम वेगळ्या जातीचं. नाईकांचा शेतकरी मुख्यतः कोरडवाहू, ज्वारी-कापसाचा. १९७२ ची एकाधिकार कापूस खरेदी योजनाही नाईकांच्याच काळातली. दादांचा शेतकरी उसाचा. नाईकांचं हत्यार सरकार होतं, तर दादांचं सहकार. सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना त्यांनी गावोगाव फिरून, शेअर गोळा करून उभा केला. शेतकऱ्यानं बागायतदार म्हणून ऊस घालायचा आणि मालक म्हणून कारखान्याच्या वार्षिक सभेत उभं राहून चेअरमनला जाब विचारायचा. सहकाराची पुढे जी अवस्था झाली ती झाली; पण शाळा न शिकलेल्या माणसाच्या हातात भागधारकाचा कागद देणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. उसानं पाणी किती प्यायलं आणि शेजारचा दुष्काळी तालुका कसा तहानलेला राहिला, हा हिशेबही त्याच्याशेजारी मांडावाच लागतो.

पुण्यात दादांचं नाव पाहायचं तर सोलापूर रस्त्यानं मांजरीला जायचं. तिथली साखर संशोधन संस्था १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झाली आणि दादांच्या निधनानंतर ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट झाली. साखर कारखान्यांची माणसं तिला 'व्हीएसआय' म्हणतात. गंमत अशी की हेच इंग्रजी लघुरूप तोंडात बसल्यामुळे आतला 'व्ही' कुणाचा, हे नव्या मुलांना सांगावं लागतं.

पण पुण्याचा चेहरा दादांनी बदलला तो उसानं नव्हे, १९८३ च्या एका निर्णयानं. तोवर राज्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं मोजकी होती आणि ऐपत असलेली मुलं देणगी भरून कर्नाटकात जात. दादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. पौड रस्त्यावरचं एमआयटी आणि धनकवडीचं भारती विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज, दोन्ही १९८३ ची. स्वतः फारसं न शिकलेल्या माणसानं हे दार उघडलं. फीचं ओझं आणि शिक्षणसम्राटांचा उदय हेही त्याच दारातून आत आलं आणि त्याबद्दलचा राग मला समजतो. तरीही त्या कॉलेजांमधून बाहेर पडलेल्या मुलांशिवाय आजचं हिंजवडी मला दिसत नाही.

पंचायत राजच्या प्रकरणात दोन सापळे आहेत. 'नाईक समिती' म्हणजे वसंतराव नाईकांचीच; ते महसूलमंत्री असताना १९६० मध्ये नेमली गेली, १९६१ मध्ये अहवाल आला आणि त्यावरून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. 'पाटील समिती' मात्र वसंतदादांची नव्हे. १९८४ मध्ये ती नेमली गेली तेव्हा दादा मुख्यमंत्री होते एवढंच. अध्यक्ष होते प्राचार्य पी. बी. पाटील, तेही सांगलीचेच. आणखी एक: जलसंधारणाच्या कामासाठी ज्या नाईकांचं नाव घेतात ते सुधाकरराव, वसंतरावांचे पुतणे, १९९१ ते १९९३ चे मुख्यमंत्री.

दोघांचं पद गेलं ते निवडणूक हरून नव्हे. नाईकांना १९७५ मध्ये दिल्लीच्या इच्छेनं पायउतार व्हावं लागलं आणि शंकरराव चव्हाण आले. शंकररावांनी दादांना मंत्रिमंडळातून वगळलं, दादांनी राजकारण संन्यास जाहीर केला, आणि १९७७ मध्ये पक्षाला फटका बसल्यावर त्याच शंकररावांच्या जागी मुख्यमंत्री म्हणून दादाच परत आले. १९७८ च्या जुलैत शरद पवार बाहेर पडले आणि ते सरकार कोसळलं. नाईक १९७७ मध्ये वाशीममधून खासदार झाले आणि १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला वारले. दादा १९८५ मध्ये प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केल्याच्या रागातून मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले, राजस्थानचे राज्यपाल झाले आणि १ मार्च १९८९ ला गेले.

शेवटचा घोळ शिवसेनेचा, आणि तो जाणत्यांचाही होतो. कम्युनिस्ट कामगार संघटनांना शह देण्यासाठी सरकार सेनेला हात देतं, या आरोपातून सेनेला 'वसंतसेना' म्हणून हिणवलं गेलं. ते वसंत म्हणजे नाईक. मुंबई केंद्रशासित करण्याचा डाव आहे अशा अर्थाचं विधान करून, मनात असो वा नसो, सेनेच्या हाती मुद्दा दिला तो दादांनी. ते १९८५ चं, आणि त्याच वर्षी सेनेनं मुंबई महापालिका जिंकली.