कोचला ठेवायचे की नारळ द्यायचा? गोव्यातल्या एका वादाची पार्श्वभूमी

एफसी गोवा हा फुटबॉल संघ लागोपाठ दोन सामने हरला की मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या स्टेडियमबाहेर, पणजीच्या हॉटेलांत आणि डिचोलीला जाणाऱ्या बसमध्ये एकच विषय निघतो: कोचला ठेवायचे की नारळ द्यायचा. भांडण कोंकणीत होते आणि दुसऱ्या दिवशी मराठी दैनिकात वाचायला मिळते. बाहेरच्या माणसाला वाटते, हा कालच्या निकालाचा राग आहे. थोडा वेळ ऐकत राहिले की लक्षात येते, एक जण २०१५ बद्दल बोलतोय, दुसरा २०२० बद्दल आणि कोपऱ्यातले वयस्कर गृहस्थ धेंपो या जुन्या क्लबबद्दल. प्रत्येकाचे माप वेगळे, म्हणून वाद मिटत नाही.

गोव्यात फुटबॉल आला तो एका पाद्र्यामुळे. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू १८८३ मध्ये शिवोलीत आले आणि त्यांनी मुलांना हा खेळ शिकवला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे चर्चच्या शाळा, गावांची मैदाने, वाड्या-वाड्यांचे सामने असा तो पसरला. गोवा फुटबॉल असोसिएशनची स्थापना १९५९ ची, म्हणजे मुक्तीच्या दोन वर्षे आधीची. या काळात प्रशिक्षक नावाची वेगळी व्यक्ती फारशी कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हती. भांडणे होत, पण ती पंचावरून आणि शेजारच्या गावावरून.

चित्र बदलले ते खाणींच्या पैशाने. साळगावकर, धेंपो, सेझा गोवा हे संघ खनिज उद्योगाच्या आधाराने उभे राहिले. खेळाडूला कंपनीत नोकरी, घरात नियमित पगार आणि संध्याकाळी सराव, अशी ती व्यवस्था. वास्को स्पोर्ट्स क्लब त्याआधीचा, चर्चिल ब्रदर्स नंतरचा, आलेमाव कुटुंबाचा. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक आणि खेळांचे मोठे आश्रयदाते, त्यांच्या नावाचा सुवर्णचषक एकेकाळी मैदाने भरवत असे. क्लब म्हणजे घराणे, हे समीकरण तेव्हा पक्के झाले. प्रशिक्षक कोण असावा हे शेठ ठरवत. चाहत्याला त्यात मत होते, पण ते विचारतो कोण.

एक गोष्ट मात्र त्या व्यवस्थेत होती आणि आज ती नाही. संघ अनेक होते. धेंपो घसरला की साळगावकरवाला खूश, साळगावकर हरला की चर्चिलवाला. राग बाहेर काढायला समोर प्रतिस्पर्धी क्लब होता. स्वतःच्या कोचवर तुटून पडण्याआधी दुसऱ्याच्या संघाची टर उडवण्याची सोय होती. मुक्तीपासून २०१४ पर्यंतच्या गोमंतकीय फुटबॉलमध्ये कोचचा वाद इतका तीव्र का झाला नाही, याचे मला सापडलेले सगळ्यात सरळ उत्तर हेच आहे.

राज्याचा संघ हा अपवाद, कारण तिथे सगळेच एका बाजूला. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलमध्ये उभे असताना गोव्याने १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी ही राज्याराज्यांतली स्पर्धा एकही गोल न स्वीकारता जिंकली. त्या स्पर्धेच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात आणि त्यात खेळाडूंची नावे येतात. प्रशिक्षकाचे नाव विचारले तर बरेच जण अडखळतात.

प्रशिक्षकाला स्वतःचे वजन आले ते राष्ट्रीय लीग सुरू झाल्यावर. १९९८-९९ मध्ये शब्बीर अलींच्या हाताखाली साळगावकरने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, गोव्याच्या क्लबने मिळवलेले ते पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद. आणि मग आले आर्मांद कुलासो. २००० च्या सुमारास त्यांनी धेंपोची सूत्रे घेतली आणि २०१३ पर्यंत सांभाळली. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२ असे पाच वेळा देशाचे विजेतेपद, शिवाय २००८ मध्ये एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल. मधल्या काळात २०११ मध्ये ते काही महिने भारताचेही प्रशिक्षक होते. कोपऱ्यातल्या वयस्कर गृहस्थांचे माप हे आहे. विजेतेपदे दरवर्षी येत नव्हती. पाचव्यापर्यंत पोचायला मधली रिकामी वर्षे काढावी लागली आणि क्लबने ती काढू दिली. आजचा कोच सहा महिन्यांत जमला नाही म्हणून घरी जातो, तेव्हा ते आर्मांदचे नाव घेतात.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण पुरावा एकतर्फी आहे. त्याच काळात साळगावकरने मोरोक्कोचे करीम बेंचारिफा आणले आणि २०१०-११ ची आय-लीग (राष्ट्रीय लीगचे २००७ पासूनचे नाव) जिंकली. चर्चिल ब्रदर्स तर संयमासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता, तरी त्याने २००८-०९ आणि २०१२-१३ असे दोनदा विजेतेपद मिळवले. २००७-०८ ते २०१२-१३ अशी सलग सहा वर्षे आय-लीगचा चषक गोव्याबाहेर गेला नाही, आणि तो आणणाऱ्या तीन क्लबांच्या तीन तऱ्हा होत्या. आर्मांद गेल्यावर धेंपोने परदेशी प्रशिक्षक नेमले आणि २०१४-१५ च्या अखेरीस संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, हेही वयस्कर मंडळी आवर्जून सांगतात. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि क्लब चालवणाऱ्या घराण्यांचे दिवस पालटले, हे मात्र त्या गोष्टीत बहुधा सुटते.

ऑगस्ट २०१४ मध्ये नव्या इंडियन सुपर लीगसाठी (आयएसएल) एफसी गोवा स्थापन झाला. मालकांत दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो एकत्र, म्हणजे पन्नास वर्षे एकमेकांविरुद्ध उभी असलेली दोन नावे एका जर्सीमागे. २०१६ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या रचनेत आय-लीग दुय्यम होणार हे दिसल्यावर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. चर्चिल तेवढा त्या लीगमध्ये परतला. पण वरच्या पायरीवर गोव्याचा क्लब एकच उरला. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा सगळा राग-लोभ एका संघावर आला आणि संघात मालक दिसत नाहीत, खेळाडू दर हंगामात बदलतात, म्हणून तो एका माणसावर येऊन थांबला.

तो पहिला माणूस ब्राझीलचा जुना दिग्गज खेळाडू झिको होता, ही गंमतच म्हणायची. ब्राझीलच्या खेळाचे वेड पिढ्यान्‌पिढ्या बाळगणाऱ्या गोव्यात खुद्द झिको बाकावर बसलेला. २०१४ मध्ये उपांत्य फेरी, कोलकात्याकडून पेनल्टीवर हार. २०१५ मध्ये साखळीत अव्वल, मुंबई सिटीवर ७-० असा विजय आणि २० डिसेंबरला घरच्या मैदानावर अंतिम सामना. ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे. त्यानंतर गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या हातून स्वयंगोल, लगेच प्रतिस्पर्धी चेन्नईयिनच्या मेंडोझाचा गोल आणि चषक चेन्नईकडे. सामन्यानंतरचा गोंधळ इतका वाढला की क्लबला कोट्यवधींचा दंड झाला, गुण कापण्याची शिक्षाही झाली, ती अपिलात रद्द झाली. २०१६ मध्ये तोच झिको, निकाल मात्र आठ संघांत शेवटचा. जानेवारी २०१७ मध्ये ते गेले.

झिको प्रकरणाने वादाला दोन वाक्ये दिली. एक: ‘नाव मोठे म्हणून कोच मोठा होत नाही.’ दुसरे: ‘शेवटच्या पाच मिनिटांना कोच काय करणार?’ ही दोन्ही आजवर पुरली आहेत.

२०१७ मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले आणि फातोर्ड्याला एक वेगळीच सवय लागली. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, बचाव थोडा उघडा पडला तरी चालेल, समोरच्यापेक्षा एक गोल जास्त करायचा. फेरान कोरोमिनास, सगळ्यांचा कोरो, २०१७-१८ मध्ये १८ गोल करून सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि पुढच्या हंगामातही. २०१९ च्या अंतिम सामन्यात बेंगळुरूच्या राहुल भेकेने जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला हेडर मारला आणि पुन्हा हातचे गेले. पण त्याच वर्षी सुपर कप आला. हरूनही लोक घरी समाधानाने जात, कारण पाहायला काही तरी मिळाले होते. ‘खेळ बरा की निकाल बरा’ हा आज चालणारा वाद लोबेराच्या आधी गोव्यात या स्वरूपात नव्हता. लहानपणापासून सात-सात जणांच्या सामन्यांत ड्रिबलिंगला टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाला लोबेराचा संघ आपला वाटला, यात नवल नाही.

आणि ३१ जानेवारी २०२० ला क्लबने लोबेराला काढले.

संघ तेव्हा गुणतक्त्यात वर होता, साखळीचे तीन सामने बाकी होते. कारणांबद्दल तर्क पुष्कळ झाले, मालक आणि प्रशिक्षक यांच्यात बिनसल्याचे बोलले गेले. सूत्रे हंगामी म्हणून क्लिफर्ड मिरांडांकडे आली. धेंपोत आर्मांदच्या हाताखाली खेळलेला, गोव्याचाच माणूस. डेरिक परेरा तांत्रिक संचालक म्हणून सोबत. तिन्ही सामने जिंकले: हैदराबादविरुद्ध ४-१, मुंबईविरुद्ध ५-२ आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूरविरुद्ध ५-०. साखळी विजेत्याची ढाल मिळाली, एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब म्हणून एफसी गोवाचे नाव लागले. दहा दिवसांनी चेन्नईत उपांत्य फेरीचा पहिला सामना ४-१ ने हरले, परतीचा ४-२ ने जिंकूनही एका गोलाने बाहेर.

या काही आठवड्यांतून प्रत्येकाने आपल्याला हवे ते उचलले. ‘कोच बदलला तरी संघ जिंकतो, म्हणून काढा’ असे म्हणणाऱ्याकडे ते तीन विजय आहेत. ‘ऐन वेळी कोच काढाल तर चषक जातो’ असे म्हणणाऱ्याकडे चेन्नईची रात्र आहे. ‘आपला गोंयकार कोच का नको’ असे विचारणाऱ्याकडे क्लिफर्ड आहे. माझ्या मते तिघेही त्या हंगामाला पेलवत नाही एवढे ओझे देतात. पंधरा सामने घडवलेला संघ तीन सामने त्याच चालीवर खेळला, यातून नव्या माणसाबद्दल फारसे कळत नाही आणि जुन्याबद्दलही नाही. कळले एवढेच की निर्णय घेणारे प्रेक्षकांना विचारत नाहीत.

जखमेवर मीठ पडले ते पुढच्या वर्षी. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले. गोव्याचे परदेशी खेळाडू बूमूस, जाहू, फॉल तिकडे, आणि आपला मंदार राव देसाईसुद्धा तिकडे. महामारीमुळे सगळी स्पर्धा गोव्यातच, रिकाम्या स्टेडियमांत खेळवली गेली. मुंबईने उपांत्य फेरीत गोव्याला पेनल्टीवर हरवले, ढाल आणि चषक दोन्ही नेले, अंतिम सामना फातोर्ड्याला झाला. दारे बंद होती म्हणून बरे.

लोबेरांनंतरचे कोच हुआन फेरांडोंनी २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये अल-रय्यान आणि अल-वहदा यांना गोलशून्य बरोबरीत रोखले, पर्सेपोलिसविरुद्ध पहिला गोलही गोव्यानेच केला, आणि ऑक्टोबरमध्ये ड्युरँड कप आणला. डिसेंबरमध्ये करारातले कलम वापरून ते भर हंगामात मोहन बागानकडे निघून गेले. चाहते ‘ठेवा की काढा’ म्हणत भांडतात, पण कोचही सोडून जाऊ शकतो, हे तेव्हा समजले. डेरिक परेरा पुन्हा मदतीला आले, संघ नववा आला. त्यानंतर कार्लोस पेन्या, क्लबचाच माजी बचावपटू, सगळ्यांना प्रिय. सहा संघ बाद फेरीत जाणार होते, गोवा सातवा राहिला. पेन्यांना काढताना रागापेक्षा वाईट वाटणारे जास्त होते.

२०२३ पासूनचा काळ मानोलो मार्केझ यांचा. पहिल्या हंगामात तिसरे, दुसऱ्यात दुसरे स्थान, आणि दोन्ही वेळा तोच जुना शाप. २४ एप्रिल २०२४ ला फातोर्ड्यावर मुंबईविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० अशी आघाडी होती, शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल खाऊन ३-२ हार. पुढच्या वर्षी बेंगळुरूविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढली आणि भरपाई वेळेत सुनील छेत्रीने गोल केला. २०१५ धरून तीनदा असे झाले, तीन वेगळ्या संघांकडून, दोन वेगळ्या प्रशिक्षकांच्या काळात. तरी स्टेडियमच्या पायऱ्या उतरताना ‘बदली खेळाडू उशिरा उतरवले’ हे ऐकू आलेच.

त्यात २०२४ च्या जुलैमध्ये मानोलोंना भारताचेही प्रशिक्षक नेमले गेले. एक माणूस दोन संघ कसे सांभाळणार, हा प्रश्न गोव्यात देशभक्तीच्या नव्हे तर क्लबच्या अंगाने विचारला गेला. राष्ट्रीय संघ त्यांच्या हाताखाली एकच सामना जिंकला, मालदीवविरुद्ध. एफसी गोवाने मात्र मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप घेतला. ठरल्याप्रमाणे ते हंगामानंतर पूर्णवेळ राष्ट्रीय संघाकडे जायचे होते, चाहत्यांनी निरोपही देऊन टाकला होता. जुलैमध्ये महासंघाशी फारकत झाली आणि मानोलो गोव्यातच राहिले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाचा अल-नस्र हा क्लब फातोर्ड्याला आला, त्यांच्या रोनाल्डोविना. ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, गोवा २-१ ने हरला आणि कोचविरुद्ध कुणी फारसे बोलले नाही. डिसेंबरमध्ये त्याच मैदानावर ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून सुपर कप पुन्हा घेतला. एरवी अशा विजयानंतर कराराची मुदत, वारसदार, स्पेनमधून आणखी कोण येणार, ही चर्चा रंगली असती. पण महासंघ आणि लीगचे आयोजक यांच्यातला करार संपत आल्याने जुलैपासूनच आयएसएलचा नवा हंगाम अडकून पडला होता. कोचला ठेवायचे की काढायचे यावर भांडायला आधी हंगाम लागतो.