तिशी आली म्हणजे फुटबॉलर संपला? तसं नाही

"फुटबॉलवाल्याचं करिअर तिशीत खल्लास, विशीत नाव झालं नाही तर बूट ठेवून दे" हा मेसेज आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपवर कित्येक वर्षं फिरतोय आणि टिळकवाडीत सकाळी प्रॅक्टिसला येणारी पोरं ते वाचून खरंच खचतात म्हणून लिहितोय.

असं वाटायला कारण आहे की, तिशीनंतर स्पीड कमी होतो, दुखापत भरायला वेळ लागतो, विंगवर पळणाऱ्याला ते लवकर जाणवतं. पण गोलकीपर किंवा मधल्या डिफेंडरला बॉल कुठं येणार हे आधी ओळखावं लागतं, आणि ते वर्षानुवर्षं खेळूनच येतं. 1982 ला इटलीनं वर्ल्ड कप जिंकला तेव्हा त्यांचा कॅप्टन 40 वर्षांचा गोलकीपर होता. आता म्हणाल गोलकीपरला कुठं पळायचं असतंय, तर 1990 ला कॅमेरूनच्या 38 वर्षांच्या फॉरवर्डनं 4 गोल मारले, आणि त्यानंच 1994 ला रशियाविरुद्ध 42 व्या वर्षी अजून एक मारला!

स्वतः बघायचं असेल तर कुठल्याही वर्ल्ड कपच्या टीमची यादी मोबाईलवर काढा, जन्मतारीख बघा, मॅचच्या तारखेतून वजा करा. तिशीपुढचे बरेच सापडतील.